दारू पिऊन गाडीची केस, कोर्टात गुन्हा कबूल करून टाकावा का?

मेव्हण्याला शनिवारी रात्री सात रस्त्याला अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, रीडिंग ५८ आलं. आता कोर्टाची तारीख आलीय. मित्र म्हणतेत कबूल कर, दंड भर, विषय संपला. खरंच संपतो का ओ? तो कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे.

जुळे_सोलापूरकर: संपत नाही की ओ! मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. पहिल्यांदा १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कबूल केलं म्हणजे दोषी ठरला, मग कलम २० खाली लायसन्स किमान ६ महिने जातं. ड्रायव्हरला दंडापेक्षा हेच महागात पडतंय.

हुरडाप्रेमी: लोक अदालतीत मिटवू म्हणणारे पण भेटतील, ऐकू नका, ही केस तडजोडीत बसत नाही.

काळा_कोट: आधी कागद काढा. मशीनची स्लिप आहे का, तिच्यावर नाव, वेळ बरोबर आहे का, सही कुणाची हे वकिलाला दाखवा आणि मगच ठरवा. सगळं चोख असेल तर लढून नुसत्या तारखाच पडणार, मग कबुली देऊन कमी शिक्षा मागितलेली बरी, पण कोर्टाने ऐकायलाच पाहिजे असं काही नाही. आणि परत सापडला तर १५ हजार किंवा २ वर्षांपर्यंत.

मूळ प्रश्नकर्ता: स्लिप बायकोने धुण्यात टाकली बे 😑

काळा_कोट: केसच्या कागदांत कॉपी असते, वकिलाला अर्ज करायला सांगा.