मदत हवी आहे : ४२९४९६७२९७ च्या विभाजकांत ६४ ऐवजी १२८ कोठून येतात?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या दहावीच्या चार-पाच मुलांपुढे २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या मांडली होती. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या मूळ संख्यांच्या साच्यातली ही पुढची संख्या असल्यामुळे तीही मूळच असणार, असे फर्मा यांना वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवून दिले.

एवढे मुलांना पटले. ६४१ = ५ × २^७ + १ असल्यामुळे ५ × २^७ ला ६४१ ने भागले की बाकी −१ मानता येते, म्हणून चौथा घात घेतल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १ येते; शिवाय ६४१ = ५^४ + २^४ असल्यामुळे ५^४ च्या जागी −२^४ ठेवले की −२^३२ ची बाकी १ ठरते आणि काम संपते. (बाकी उणे कशी असेल, यावरच अर्धा तास गेला.)

अडचण पुढे आली. भागाकार ६७००४१७ येतो. तो मूळ आहे हे कशावरून, असे एका मुलीने विचारले. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे आहे, त्यामुळे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणे वहीत शक्य नाही. २^३२ + १ चा (म्हणून ६७००४१७ चाही) मूळ विभाजक प असेल तर २ चा जो सर्वांत लहान घात १ बाकी देतो तो ६४ वा असतो, म्हणून फर्मा यांच्याच छोट्या प्रमेयानुसार (प ने भाग न जाणाऱ्या संख्येचा प − १ वा घात प ने भागला की बाकी १ येते) प − १ ला ६४ ने भाग जातो, इथपर्यंत मी सिद्ध करू शकतो. फ्रेंच गणिती ल्यूका यांनी मात्र पुढे १२८ ने भाग जातो असे सिद्ध केले, आणि त्याने तपासणी निम्म्याहून कमी होते. वर्गशेषांचा (वर्गसंख्यांना भागून येणाऱ्या बाक्यांचा) सिद्धांत न आणता दहावीच्या मुलांना हे सांगता येईल का?

प्रतिसाद : येईल, सर. ब = २^८ × (२^१६ − १) घ्या. त्याचा वर्ग २^१६ × (२^३२ + १ − २ × २^१६) होतो. प ने २^३२ + १ ला भाग जातो, म्हणून उरते −२ × २^३२, ज्याची बाकी २. म्हणजे ब² हा २ सारखाच वागतो, ब^६४ ची बाकी −१ येते, आणि ६४ साठी आपण केलेला युक्तिवाद २ ऐवजी ब ला लावला की १२८ मिळतात.

धागाकर्ता : मनःपूर्वक आभार. आता २५८८ च्या आत २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच मूळ संख्या उरतात. त्यांपैकी २५७ ने भागल्यास २^८ ची बाकी −१, म्हणून २^३२ + १ ची बाकी २, अर्थात ती बाद. उरलेल्या चौघींनी ६७००४१७ ला भागून बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या. शनिवारी हे भागाकार त्याच मुलीकडून फळ्यावर करून घेईन.