६ ते ९ वयाची मुलं एकाच वर्गात, मोठ्या मुलांचं नुकसान होत नाही का?

सावली: मुलगी ६ वर्षांची आहे, तिला ज्या शाळेत घालायचं चाललंय तिथे ६ ते ९ वयाची मुलं एकत्रच बसतात. आत्ता ठीके, मोठ्यांचं बघून शिकेल, पण तीच ९ ची झाली की तिचा सगळा वेळ लहानांना शिकवण्यातच जायचा ही धास्ती वाटते. कुणाला अनुभव आहे का?

खडूफळा: मी अशाच वर्गावर शिकवते आणि मला तर मोठ्यांचाच फायदा जास्त दिसतो. एक मुलगा हातच्याची वजाबाकी पटापट करायचा, एका धाकटीने विचारलं की ५२ मधून २७ काढताना २ चे १२ कुठून आणलेस, तर याला सांगताच येईना. मग काड्यांचे गठ्ठे घेऊन बसला, पाचातला एक गठ्ठा सोडला, आणि ५ चे ४ का होतात ते तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात बसलं. उत्तर तर त्याचं आधीपासूनच बरोबर यायचं हो! म्हणून वेळ वाया जातो असं मला अजिबात वाटत नाही, फक्त मोठ्यांना त्यांच्या पातळीचं नवं काम रोज मिळालंच पाहिजे, ते शिक्षकाने बघायचं.

पाटीपेन्सिल: यात एक गल्लत होते. पट कमी म्हणून दोन-तीन इयत्ता एका शिक्षकाच्या गळ्यात पडतात तो बहुवर्ग, तिथे पुस्तकं इयत्तेप्रमाणेच, त्यामुळे एका गटाला शिकवताना दुसरा नुसता उतारे लिहीत बसतो. मुद्दाम केलेला मिश्र वयोगट वेगळा. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं तेव्हापासून त्या पद्धतीत वयं मिसळलेलीच असतात, ३ ते ६, ६ ते ९ असे गट, आणि मूल तीन वर्षं त्याच वर्गात राहतं. तुमची शाळा यातली कुठली ते आधी बघा.

आईबाबा२: आमचा मुलगा वाचनात मागे होता, साध्या वर्गात ते रोज सगळ्यांसमोर दिसायचं आणि तो तोंडच उघडायचा नाही. इथे प्रत्येकजण वेगळं वाचत असतो त्यामुळे मागे-पुढे असं काही राहिलंच नाही, आता लहानांना गोष्ट वाचून दाखवतो. एक मात्र खरं, त्याच्या बरोबरीची मुलं वर्गात कमीच असतात, म्हणून तुमच्या मुलीच्या वयाच्या किती मुली आहेत ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

सावली: थँक्यू सगळ्यांना. आता एक दिवस वर्गात मागे बसून बघू देतात का विचारते, खास करून ९ वर्षांची मुलं काय करतायत ते.