मदत हवी आहे : पगार उशिरा होतोय, दाद कुठे मागायची?

नमस्कार. मी जत तालुक्यातल्या एका खाजगी अनुदानित हायस्कूलात गणित शिकवते. गेले काही महिने पगार 20 तारखेच्या आत झालेला नाही. घरकर्जाचा हप्ता मात्र 5 तारखेलाच कापला जातो. खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड वेगळा.

पैशांपेक्षा मनाला जास्त लागतंय. शाळा सुटल्यावर मी शिष्यवृत्तीचे जादा तास घ्यायचे, ते या महिन्यात बंद केले. वर्गात फळ्यावर उदाहरण मांडतानाही डोक्यात हप्त्याचाच हिशोब असतो. परवा एका मुलीनं विचारलं, "बाई, जादा तास कधी सुरू होणार?" मला उत्तर देता आलं नाही. त्या पोरांचा यात काय दोष?

शाळेतून सांगतात, शालार्थवर (पगारबिलांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) बिल वेळेत भरलंय. पुढे ते जातं वेतन पथकाकडे, म्हणजे शिक्षण खात्याच्या पगारबिलं तपासणाऱ्या कार्यालयाकडे, मग कोषागारात, म्हणजे सरकारी तिजोरीत. नेमकं कुठं अडतं, कुणीच सांगत नाही.

सांगली-साताऱ्याकडच्या कुणी 2005 च्या माहिती अधिकारात बिलाची तारीखवार माहिती मागवली आहे का? अर्जात काय लिहिलं? हप्त्याची तारीख बँकेनं पुढे ढकलून दिली का? आणि अशा दिवसांत तुम्ही शिकवण्यात मन कसं टिकवलं, तेही कृपया लिहा.