पुस्तकं कपाटात, कुलूप बाहेर

'देणगीदार येतात, दप्तरं वाटतात, फोटो काढतात, त्यानं मुलं वाचायला लागतात का?' हा सवाल रास्त आहे. पण आमच्या सोलापुरात, पूर्व भागात, घरी तेलुगू बोलणारं पोर मराठी शाळेत येतं. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. त्याला आधी दोन-दोन ओळींची चित्रगोष्ट लागते आणि शेजारी बसून वाचून घेणारं माणूस लागतं. पुस्तकं मिळतात हो, पण फाटली तर जबाब कोण देणार म्हणून कपाटात राहतात! देणाऱ्यानं 'फाटलेली बदलून देऊ' एवढं कबूल केलं तरी कुलूप निघेल. आणि वाचून घेणाऱ्या ताईचं वर्षभराचं मानधन द्यावं. (त्याचा फोटो निघत नाही, हीच अडचण.)

'प्रथम'सारख्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्था इयत्ता बाजूला ठेवून वाचनपातळीनुसार गट करतात. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा मजकूर ठेवतात. देणगीदारांनो, तसाच उतारा जूनमध्ये किती जणांनी वाचला, मार्चमध्ये किती, हे करसवलतीच्या पावतीबरोबर मागा की.

लेखनाचं तर कुणी नावच काढत नाही. फळ्यावरचं उतरवणं म्हणजे लेखन नव्हे. चार कोऱ्या वह्या द्या, गड्ड्याच्या जत्रेत काय पाहिलं ते पोरांना चुकतमाकत लिहू द्या.