अँथनी गोन्साल्विस यांचं "चीज झालं"? मला पटत नाही

फोंडेकर
परवा मडगावला जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता. निवेदकाने दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "उशिरा का होईना, कलेचं चीज झालं." टाळ्याही पडल्या. मला ते खटकलं.

ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये मेस्त, म्हणजे गायनवृंद शिकवणारे. मुलगा पोरवयातच स्वरलिपी वाचू लागला, चाळीसच्या दशकात मुंबईला गेला, आधी व्हायोलिन वाजवलं, मग अरेंजर, म्हणजे संगीतकाराच्या चालीसाठी वाद्यमेळ लिहून देणारा, झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागांवर बेतलेल्या रचना आणि गायला लता मंगेशकर, मन्ना डे! १९६५ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर सिनेमाच्या वाटेला न जाता गावी राहिले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात प्यारेलालनी गुरूचं नाव घातलं. ते गाणं वरातीत, नाताळच्या पार्टीत वाजत राहिलं, पण असा माणूस खरोखरच आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. माहितीपट, कौतुक वगैरे सगळं अगदी अखेरीस. जानेवारी २०१२ मध्ये ते गेले.

ज्या काळात काम केलं त्याच काळात पडद्यावर नाव यायला हवं होतं. ते दिलं नाही, आणि आता त्याच उशिराच्या गोष्टीवर डोळे पुसायचे. मला यात आनंद वाटत नाही.

सूरपेटी
फोंडेकरबाब, जरा दमानं. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. त्यांना सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, लिहायची होती, सिनेमात ती भूक भागेना, म्हणून ते बाहेर पडले. त्यांच्या निर्णयाला तुम्ही अन्याय का ठरवता? स्टुडिओतली माणसं त्यांना मानत होतीच, नाहीतर शिष्याला बारा वर्षांनी गुरू आठवला नसता.

दुसरं, चाल संगीतकाराची. अरेंजर तिला साज चढवतो. उद्या रेकॉर्डिस्टही म्हणेल, मला वर घ्या.

आणि गाण्याचं म्हणाल तर आधी नाव अँथनी फर्नांडिस होतं म्हणतात. चालीत बसेना म्हणून प्यारेलालनी गुरूचं सुचवलं. योगायोग म्हणा, पण एवढं घराघरात पोचलेलं नाव दुसऱ्या कोणत्या गोंयकार वादकाचं आहे, सांगा.

फोंडेकर
"साज चढवतो" म्हणजे काय करतो तेही सांगा की. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणून दाखवायचा. मग हा माणूस बसून व्हायोलिनच्या रांगेने काय वाजवायचं, चेलोने खाली कोणता सूर धरायचा, दोन ओळींच्या मधला तुकडा कोणता, हे प्रत्येक वाद्यासाठी वेगवेगळ्या कागदावर लिहायचा. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं स्वरवाचन, शिकलेली आमची मुलं ते कागद बघताक्षणी वाजवायची, म्हणून तर मुंबईला ती हवी होती. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी केलेलं काम काढून घ्या आणि मग ती गाणी ऐका. चाल उरेल, गाणं उरेल का?

माशेलची
तुम्ही दोघेही मुंबईत अडकलात. मला आपल्याच लोकांची गंमत वाटते. आपल्या मराठी मंडळींना गोव्याचं संगीत विचारा. केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ, अभिषेकी, खाप्रुमामा धडाधड येतील. माजोर्डा ज्यात येतं त्या सासष्टी तालुक्यातल्या एका ख्रिस्ती वादकाचं नाव येणार नाही. आपली यादी झुवारी नदीच्या अलीकडे संपते.

सूरपेटी
मोगूबाई कुर्डीच्या, म्हणजे सांगे तालुक्यातल्या. झुवारीच्या पलीकडच्याच. नदीला मध्ये घेऊ नका.

माशेलची
बरं बाबा, नदी मागे घेते. मुद्दा तसाच आहे.

वकिली चष्मा
भावना बाजूला ठेवून कायद्याचं सांगतो. गोन्साल्विस गेले त्याच वर्षी, २०१२ मध्ये, कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. वादक-गायकांना व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण व्याख्येला एक शेपूट जोडलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो 'परफॉर्मर' धरला जाणार नाही. त्याच्या हाती उरतो तो एवढाच हक्क, की आपल्या कामाची मोडतोड करून नाव खराब केलं तर तक्रार करता येते.

आता बघा. वर्षानुवर्षे नाव दिलं नाही, म्हणून रिवाज झाला. रिवाज आहे म्हणून कायद्यात तो माणूस बसेना. काम किरकोळ नव्हतं असं कोर्टात भांडता येईल, पण रोजावर वाजवणारा व्हायोलिनवाला कुठला वकील लावणार? म्हणून फोंडेकरांची बाजू मला पटते. श्रेयनामावली हा मानापमानाचा विषय नाही, पैशाचा आहे.

सूरपेटी
वादकाचं मान्य. अरेंजर त्यात कुठे बसतो? तो वाजवत नाही, लिहितो. आणि माझ्या माहितीप्रमाणे कायदा संगीतकार त्यालाच म्हणतो ज्याने रचना केली, स्वरलिपीत उतरवली असो वा नसो.

वकिली चष्मा
बरोबर. पण त्याच कायद्यात 'अ‍ॅडॅप्टेशन'च्या व्याख्येत संगीतरचनेचं अरेंजमेंट स्पष्ट लिहिलंय. म्हणजे हे वेगळं काम आहे हे कायद्यालाही ठाऊक आहे. हक्क कोणाकडे जाईल हे करारावर ठरतं, आणि करार कोण लिहून घेतं ते मी सांगायला नको.

कोंकण रेल्वे
मी माजोर्ड्याच्या शेजारच्या गावचा. अखेरच्या त्या कौतुकाला हसू नका. आमच्याकडे कितीतरी पोरांना तेव्हाच कळलं की व्हायोलिन शिकून चर्चच्या वेदीपलीकडेही जाता येतं. कोंकणी गायिका लॉर्नाचं बघा. किती वर्षं गप्प होती, १९९५ मध्ये परत उभी राहिली आणि लोक ऐकायला आले. उशिरा आलेलं खोटंच असतं असं नाही.

फोंडेकर
लॉर्ना परत गायली, फरक तिथेच आहे. तिला मंच मिळाला, काम मिळालं. गोन्साल्विस यांच्या सिम्फनी कोणी परत वाजवायला घेतल्या का? सत्काराऐवजी त्या रचना छापा, तालीम घ्या, कला अकादमीत वाजवा. मग मी टाळ्या वाजवीन.

माशेलची
तेवढं मोठं नंतर. जत्रेतल्या मैफलीच्या पत्रकावर सरपंच असतो, प्रायोजक असतो, पेटी-तबलावाल्याचं नाव नसतं. या वर्षी आमच्या गावच्या पत्रकात ते टाकायला मी समितीला सांगणार आहे.

सूरपेटी
जरूर टाका. प्रायोजकाच्या वर टाकलंत तर पुढच्या वर्षी पैसे कोण देतं तेही कळवा.