राजकारण्यांची आत्मचरित्रं सत्ता मिळेपर्यंतच वाचावीत का?

निवांत वाचक:
माझ्या मते राजकारण्याचं आत्मचरित्र तो सत्तेत जाईपर्यंत वाचावं आणि मग मिटून ठेवावं. यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' आजही वाचवतं, कारण ते १९४६ लाच थांबतं. देवराष्ट्रे, कराड, घरची ओढाताण, बेचाळीसचं भूमिगत राहणं, सगळं मोकळेपणाने येतं. तुरुंगात असताना माफी मागून सुटण्याचा विषय निघतो आणि त्यांची अशिक्षित आई साफ नाही म्हणते, तो प्रसंग तर कुणीही वाचावा. पुढचे खंड मनात होते, पण १९८४ मध्ये ते गेले. मुख्यमंत्रिपदावर आणि दिल्लीवर त्यांनी इतकंच मोकळं लिहिलं असतं? मला शंका आहे.

जुना कारकून:
म्हणजे नेमकं कामाचं तेवढं सोडून द्यायचं! हलाखीचं बालपण काय, सगळ्यांच्याच पुस्तकात असतं. मला शरद पवारांच्या 'लोक माझे सांगाती'मधलं किल्लारी वाचायचं असतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन, पोलीस रात्रभर जागे. अशा वेळी मुख्यमंत्री कुणाला उठवतो, कुणाला कुठे पाठवतो, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? सरकारी अहवालात ते येत नाही, आयुष्यभर तेच टाइप केलेत मी.

निवांत वाचक:
किल्लारी मान्य. पण त्याच 'लोक माझे सांगाती'ची २०२३ ची सुधारित आवृत्ती घ्या. फडणवीस आणि अजित पवारांच्या २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीबद्दल शरद पवार म्हणतात, मला पत्ताच नव्हता. फडणवीस जाहीरपणे म्हणतात, शरद पवारांना माहीत होतं. वाचकाने कुणाचं धरायचं? बरं, २ मेला प्रकाशनाच्याच कार्यक्रमात शरद पवार राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडतो म्हणाले, तीन दिवसांत निर्णय मागे घेतला, आणि २ जुलैला पक्षच फुटला. शाई वाळायच्या आत पुस्तक शिळं!

तळटीप:
शिळं कसलं? उलट आताच वाचण्यात मजा आहे. हे लोक इतिहास लिहीत नाहीत, आपली कैफियत मांडतात. कैफियत म्हटली की उलटतपासणी आपली. १९७८ घ्या. पवार बाहेर पडले, वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि अडतिसाव्या वर्षी पवार मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर' खुपसल्याचा आरोप अजून त्यांचा पिच्छा सोडत नाही. त्यांची बाजू वाचावी, मग वसंतदादांच्या सांगलीकडच्या एखाद्या जुन्या काँग्रेसवाल्याला विचारावं. दोन्हीकडे जे जुळतं, ते बहुधा खरं. आणि कुठला प्रसंग दोन ओळींत उरकलाय, तिथे पेन्सिलीने खूण करावी.

निवांत वाचक:
इतकी मेहनत वाचकानेच करायची, तर लेखकाने काय केलं?

जुना कारकून:
मेहनत नको असेल तर शेवटची नामसूची बघावी. कोण आहे, कोण गाळलाय, पाच मिनिटांत कळतं.

तळटीप:
मराठी प्रकाशक नामसूची देतात कुठे, साहेब?