मुलाखतीत जुन्या कंपनीची गुपितं विचारली तर काय करायचं?

वेर्णा_जनरल_शिफ्ट:
मंडळी सल्ला पाहिजे. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत फॉर्म्युलेशनला आहे (नाव विचारू नका). दुसरीकडे मुलाखत दिली, पहिला राउंड मस्त झाला, दुसऱ्याला तिथले साहेब हळूच विचारायला लागले, तुमची ती अमुक गोळी डिसोल्यूशनला (विरघळण्याच्या चाचणीत) अडकत होती ना, मग बाइंडर (पावडर चिकटवणारा पदार्थ) बदललात का ग्रॅन्युलेशनचा (पावडरचे दाणे करण्याचा) टाइम, किती टक्के वगैरे. मी हसून टाळलं. काल त्यांचाच फोन, ऑफर पक्की समजा पण जॉइन व्हायच्या आधी एकदा बसूया, बीएमआरचे (बॅच कशी बनवली त्याच्या नोंदवहीचे) दोनचार फोटो असले तर बरं. पगार जवळजवळ दीडपट आहे. बायको म्हणते नको, मित्र म्हणतो सगळे हेच करतात. मला एवढंच सांगा, डोक्यात आहे ते बोललो तर ती चोरी होते का? आणि ट्रायलचे आकडे मी माझ्या वहीत लिहिलेत, वही माझ्या पैशांची आहे, तिचं काय?

फोंड्याचो_पात्रांव:
बाबा, खानावळीतला आचारी दुसऱ्या हॉटेलात गेला तर हात त्याच्याबरोबर जाणारच, शागुती तो तिथेही चांगलीच करणार, त्याला कोण अडवणार? पण मालकिणीची मसाल्याची वही पिशवीत घालून गेला तर? तुझंही तेच. ग्रॅन्युल कोरडे पडले की काय करायचं हे तू वर्षानुवर्षं मशीनपाशी उभा राहून शिकलास, ते तुझं. अमुक प्रॉडक्टला अमुक टक्के, अमुक मिनिटं, हे कंपनीने पगार आणि मटेरियल घालून काढलेलं, ते त्यांचं. वही तू विकत घेतलीस पण आतले आकडे विकत घेतले नाहीत. आणि "डोक्यात आहे" हा बहाणा चालत नाही, पाठ केलेला आकडा पण आकडाच.

कलम_सत्तावीस:
कायद्याचं सांगतो, मी वकिली करतो पण हा फुकटचा सल्ला, तेवढ्याच किमतीचा समजा. ट्रेड सिक्रेटसाठी, म्हणजे धंद्याच्या गुपितांसाठी, आपल्याकडे वेगळा कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९व्या अहवालात तसा कायदा करा म्हणून सुचवलं, सोबत मसुदाही दिला. तोवर काम चालतं ते करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्याला आडकाठी करणारा करार रद्द ठरवतं, म्हणून "सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही" असली अट कोर्टात सहसा टिकत नाही. गुप्ततेची अट मात्र नोकरी सुटल्यावरही टिकू शकते. लोक या दोन्हींची खिचडी करतात.

तू तर अजून नोकरीतच आहेस, तिथे आणखी कडक. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला एक जण पाच वर्षांच्या करारावर होता, टायर कॉर्डचं (टायरमध्ये घालायच्या धाग्याचं) गुप्त तंत्र शिकून मध्येच राजस्थानातल्या कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला, १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने करार संपेपर्यंत तिथे काम करायची मनाई कायम ठेवली. आणि कंपनीच्या सिस्टिमवरून फाईल परवानगीशिवाय उतरवलीस तर आयटी कायद्याचं कलम ४३, त्यात लबाडीचा हेतू दिसला की ६६, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हापसा_बाजार:
कंपन्या काय धुतल्या तांदळाच्या आहेत का राव. प्रॉक्टर अँड गॅम्बलसाठी काम करणाऱ्या हेरांनी युनिलिव्हरच्या कचरापेट्या उपसल्या होत्या, शॅम्पूच्या धंद्याची माहिती काढायला, २००१ साली ते बाहेर आलं. एवढ्या मोठ्या कंपन्या करतात आणि नीतीचे धडे फक्त आठ तासाच्या शिफ्टवाल्याला?

फोंड्याचो_पात्रांव:
@म्हापसा_बाजार अर्धीच सांगितलीस. प्रॉक्टरच्या वरच्या साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी आपणहून युनिलिव्हरला सांगितलं आणि नंतर पैसे मोजून तडजोड केली. २००६ला कोकाकोलाची एक सेक्रेटरी आणि तिचे साथीदार पेप्सीला कागद विकायला निघाले तर पेप्सीनेच पत्र उचलून कोकाकोलाला दिलं, बाईला आठ वर्षांची कैद झाली. घेणारा भला असेल तर असला माल घेतच नाही. तुझा साहेब स्वतः मागतोय म्हणजे उद्या तू तिथून निघताना तुझ्यावरही नजर ठेवणार, तो तुला ओळखून आहे ना.

सासष्टीची_सून:
एक वेगळं. गुपित म्हणजे सगळंच नाही हां. रिपोर्टचे आकडे फिरवतात, घाण पाणी रात्री ओढ्यात सोडतात, तिथे गुप्ततेच्या करारावर सही केलीय म्हणून गप्प बसायची गरज नाही, ते योग्य खात्याला सांगायचं, स्पर्धकाला विकायचं नाही. बाकी उगाच चोरी चोरी करू नका, फोंडा वेर्णा बसमध्ये मागच्या सीटवर दोन कंपन्यांचे लोक बॅच का फेल झाली ते मोठमोठ्याने बोलतात, फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून घेतात पण तोंड कुठे ठेवणार? 😄

वेर्णा_जनरल_शिफ्ट:
साहेबांना मेसेज केला, काय पाहिजे ते कंपनीच्या मेलवरून लिहून पाठवा. कालपासून मेसेज बघून गप्प आहेत. ऑफर लेटर पण नाही. आता वहीचं सांगा, फाडून टाकू का?

कलम_सत्तावीस:
फाडू नकोस, पुरावा नष्ट केला म्हणतील. राजीनामा देशील तेव्हा हँडओव्हरच्या यादीत वही लिही, आत्ताच्या कंपनीतल्या तुझ्या साहेबाची सही घे, यादीची झेरॉक्स तुझ्याकडे ठेव. वहीची नको.